निसर्ग बघायला किती पैसे लागतात?

मे महिना आला, दिवाळीची सुट्टी लागली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. घरातल्या मुलाला किंवा मुलीला पक्ष्यांचा, किड्यांचा, झाडांचा नाद लागलेला असतो आणि आई-बाबा विचारतात, "काय घेऊन देऊ?" बहुतेकांनी तोवर मनात कॅमेरा ठरवलेला असतो. काहींनी ताडोबाच्या सफारीची चौकशीही करून ठेवलेली असते. निवृत्तीनंतर सवड मिळालेले काका-मावशीही हेच विचारतात, फक्त ते स्वतःसाठी विचारतात.

माझं उत्तर ठरलेलं आहे. पैसे जरूर खर्च करा, पण क्रम चुकवू नका. आधी वेळ, मग दुर्बीण, मग जाणकाराची सोबत, त्यानंतर प्रवास, आणि कॅमेरा सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटा झाला की लाखभर रुपये जातात आणि दारातल्या उंबरावरचा तांबट मात्र ओळखता येत नाही.

पुढे दिलेल्या किमती गोळाबेरजेच्या आहेत. शहर, दुकान आणि ऑनलाइन सेल यांनुसार त्या थोड्या खाली-वर होतील. सरकारी शुल्कं तर दर हंगामात बदलतात, म्हणून निघण्याआधी ताजा दर बघून घ्यावा.

पहिले तीन महिने: एका वहीचा खर्च

सुरुवातीला काहीही विकत घेऊ नका. चाळीस-पन्नास रुपयांची जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल पुरे. शाईचं पेन नको, पावसात अक्षरं पसरतात. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, जागा, आभाळ कसं होतं, आणि समोरचा जीव काय करत होता एवढं लिहायचं. नाव माहीत नसलं तरी चालेल. "शेपटी सारखी वरखाली करत ओढ्याच्या काठी चालणारा, काळा-पांढरा" असं लिहिलेलं असलं की तो धोबी होता हे महिन्याभरानंतरही कळतं.

या काळात एकच झाड धरून ठेवावं. माघ-फाल्गुनात फुललेली सावर किंवा पांगारा असेल तर मैना, बुलबुल, शिंजीर, कोतवाल, साळुंक्या सगळे तिथे येतात. उंबर किंवा वड पिकला की तांबट, कोकीळ आणि नशीब असेल तर हरियाल. आपला राज्यपक्षी हरियाल अनेकांनी फक्त प्रश्नमंजूषेत ऐकलेला असतो. तो पुण्या-नागपुरातल्या पिकलेल्या वडांवर सकाळी थव्यानं बसतो. झाडाची पानगळ, पालवी, फुलं, फळं यांची आठवड्याला एकदा नोंद करायची असेल तर 'सीझनवॉच' हा देशभराचा लोकविज्ञान उपक्रम आहे. त्यात नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत.

पावसाळा असेल तर पर्जन्यमापक करा. तळापासून तोंडापर्यंत सारखीच रुंद असलेली, सपाट बुडाची काचेची बरणी आणि पट्टी एवढं लागतं. बरणी उघड्यावर, झाड आणि भिंतीपासून लांब ठेवायची आणि रोज सकाळी साडेआठला पाणी मोजायचं. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठ ते साडेआठ असाच धरतात, त्यामुळे तुमचा आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशेजारी ठेवता येतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर वीस मिलिमीटर पडला तर हजार लिटर. हा हिशेब मुलांना एकदा कळला की ती पुढे पाऊस वेगळ्याच नजरेनं बघतात. बाजारातला प्लास्टिकचा पर्जन्यमापक दोनशे ते पाचशे रुपयांना मिळतो, पण त्यावाचून काही अडत नाही.

फोन घरात असतोच. 'मर्लिन' हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं अ‍ॅप फुकट आहे. आवाज ऐकून ते पक्ष्याचं नाव सुचवतं, आणि भारताचा संच आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही चालतं. ते सुचवेल ते नाव लगेच वहीत उतरवू नका. कोतवाल इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो आणि अ‍ॅप फसतं. नाव आलं की पक्षी डोळ्यांनी शोधा. आणि फोनवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका. विणीच्या दिवसांत तो आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून पिल्लांचं खाणं सोडून धावत येतो. नोंदी साठवायला 'ई-बर्ड', आणि फुलं, किडे, बेडूक अशा सगळ्यांसाठी 'आय-नॅचरलिस्ट' किंवा 'इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल'. हे सगळं विनामूल्य आहे, आणि तुमच्या फोटोला नाव सुचवणारे तिथले जाणकारही कधी पैसे मागत नाहीत.

दुर्बीण: इथे मात्र हात आखडू नका

तीन महिन्यांनंतरही वही भरत असेल तर दुर्बीण घ्या. या छंदात खऱ्या अर्थानं पैसे वसूल करून देणारी वस्तू हीच. चांगली दुर्बीण वीस-पंचवीस वर्षं टिकते, आणि ती डोळ्याला लावल्यावर वेड्या राघूच्या चोचीतली चतुर माशी दिसते.

दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते तो, दुसरा म्हणजे समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच. डोळ्यापर्यंत पोचणारा प्रकाशाचा झोत इतका मिलिमीटर जाड असतो. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये हाच झोत जेमतेम अडीच मिलिमीटरचा उरतो. दुपारच्या उन्हात फरक जाणवत नाही, पण पहाटे आणि झाडीच्या सावलीत, जेव्हा पक्षी खरोखर हालचाल करत असतात, तेव्हा सगळं काळं दिसतं. म्हणून ८×४० किंवा ८×४२ घ्या. दुकानदार "१० पट घ्या, १२ पट घ्या, जास्त जवळ दिसेल" म्हणेल. जास्त पट म्हणजे हाताचा कंपही तितक्याच पटीनं वाढतो आणि दिसणारा परिसर अरुंद होतो; फांद्यांमध्ये पक्षी सापडेपर्यंत तो उडून गेलेला असतो. माळरानावरच्या आणि पाणवठ्यावरच्या लांबच्या पक्ष्यांसाठी सरावलेल्या हातात १०×४२ चालते. झूमची दुर्बीण कुठल्याही किमतीला घेऊ नका.

आता भाव. पाचशे ते दोन हजार रुपयांत जत्रेत, पर्यटनस्थळी आणि ऑनलाइन मिळणाऱ्या, "३०×६०" असे अचाट आकडे छापलेल्या आणि भिंगावर लालभडक लेप असलेल्या दुर्बिणी म्हणजे वाया घालवलेले पैसे. आकडे खोटे असतात आणि दहा मिनिटांत डोकं दुखतं. सहा ते दहा हजारांत निकॉनची अ‍ॅक्युलॉन मालिका किंवा ऑलिम्पसची ८×४० यांसारखी, रुंद खांद्यांची, जुन्या घडणीची चांगली दुर्बीण मिळते. पहिल्या दुर्बिणीसाठी माझी शिफारस हीच. तिच्यात पाणी शिरू शकतं, म्हणून पावसात सांभाळावी लागते. बारा ते अठरा हजारांत सरळ नळ्यांची, आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण येते. तुम्ही कोकणात, गोव्यात किंवा घाटमाथ्यावर राहत असाल तर हे वरचे पैसे घालाच, कारण तिथल्या दमट हवेत एका पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. पंचवीस ते पस्तीस हजारांची दुर्बीण आणखी उजळ आणि स्वच्छ दाखवते. त्यापुढे लाख-दोन लाखांच्या युरोपीय दुर्बिणी आहेत. त्या अप्रतिम असतात, पण त्यांच्यामुळे तुम्ही जास्त पक्षी ओळखायला लागाल असं नाही.

दुकानात जाऊन, हातात घेऊनच विकत घ्यावी. उजेडाकडे तोंड करून दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरा. डोळ्यांकडच्या भिंगांत प्रकाशाचे दोन गोल दिसतील. ते पूर्ण वाटोळे हवेत. कडा कापून चौकोनी झालेल्या दिसल्या तर आतले लोलक हलक्या काचेचे आहेत. मग समोरच्या गच्चीचा कठडा किंवा विजेची तार बघा. एकाच्या दोन रेषा दिसल्या किंवा डोळ्यांवर ताण आला तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ती दुर्बीण परत ठेवा. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं वाचा. अक्षरांच्या कडेला जांभळी-हिरवी झालर जितकी कमी तितकं चांगलं. चष्मा असेल तर चष्म्यासकट पूर्ण वर्तुळ दिसतं का ते तपासा. माहितीपत्रकात डोळ्याचं अंतर ('आय रिलीफ') किमान १५ मिलिमीटर लिहिलेलं हवं. फुलपाखरं आणि चतुरही बघायचे असतील तर दोन-अडीच मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का ते विचारा. स्वस्त दुर्बिणींपैकी बऱ्याच पाच मीटरच्या आत काहीच दाखवत नाहीत.

दोन किरकोळ खर्च यातच धरा. गळ्यातल्या बारीक पट्ट्यानं मान भरून येते. खांद्यावरून जाणारा पट्टा पाचशे ते हजारांत मिळतो आणि वयस्कर माणसांना तो फार सुखाचा. पावसाळ्यात ठेवायला हवाबंद डबा आणि दोन-तीनशे रुपयांचं सिलिका जेल. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. आठ-दहा हजारांचं विजेचं कोरडं कपाट दुर्बिणीसाठी लागत नाही.

हीच ८×४२ रात्री आभाळाकडे लावा. कठड्याला टेकून हात स्थिर ठेवले तर गुरूचे चार मोठे चंद्र ठिपक्यांसारखे ओळीत दिसतात, कृत्तिकेत डोळ्यांना सहा-सात दिसणारे तारे दोन-तीन डझन होतात. "पाचशे पट मोठं दाखवणारी" चार-पाच हजारांची खेळण्यातली टेलिस्कोप यापुढे अगदीच निरुपयोगी. टेलिस्कोपची आस लागली तर आधी पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून काम करणाऱ्या मंडळींच्या आकाशदर्शनाला जाऊन त्यांच्या टेलिस्कोपमधून बघून या.

शंभर-दोनशे रुपयांची दुनिया

मुलांसाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर मी दहा पटींचं, घडी होणारं भिंग घेईन. शंभर ते तीनशे रुपये. पुण्यामुंबईत प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला, सहज मिळतं. वापरायची रीत मात्र सांगावी लागते: भिंग अगदी डोळ्याजवळ धरायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. लांबून गुप्तहेरासारखं धरलं तर काहीच दिसत नाही. मुंग्या माव्याच्या किड्यांना स्पृशांनी गोंजारतात आणि त्यांच्याकडून गोड थेंब घेतात, हे कढीपत्त्याच्या किंवा रुईच्या झाडावर या भिंगातून दिसतं. नेच्याच्या पानामागच्या तपकिरी ठिपक्यांत बीजाणूंच्या पिशव्या दिसतात.

त्याच्या पुढची पायरी फोल्डस्कोप. मूळचे मेरठचे आणि आता स्टॅनफर्डला असलेले मनू प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी जिम सिबुल्स्की यांनी बनवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक. घड्या घालून तो आपणच जोडायचा असतो आणि तो साधारण १४० पट मोठं दाखवतो. साधा संच काहीशे रुपयांत येतो, काचपट्ट्या आणि चिमट्यांसकटचा मोठा संच काही हजारांत. साधाच घ्या. कुंडीखालच्या ताटलीतल्या साचलेल्या पाण्याचा एक थेंब, जास्वंदीचे परागकण, मेलेल्या फुलपाखराच्या पंखावरचे खवले एवढ्यानं एक अख्खी सुट्टी जाते.

आणि पतंगांचा पडदा. पावसाळ्यात अमावास्येच्या आसपास, गच्चीवर किंवा गावाकडच्या अंगणात पांढरी चादर ताणून बांधायची आणि तिच्यासमोर झगझगीत पांढरा दिवा लावायचा. चादर घरची, दिवा घरचा. संध्याकाळी सातपासून पतंग यायला लागतात. दिव्याभोवती ते का घिरट्या घालतात, याचं एक चांगलं उत्तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मिळालं: उडताना कीटक आपली पाठ उजेडाकडे वळवतात. एरवी आभाळ हाच वरचा उजेड असतो, म्हणून त्यांना वर-खाली कळतं. दिवा आला की पाठ दिव्याकडे वळते आणि ते तिथेच गोल गोल अडकतात. हे एकदा कळलं की पडद्यापुढे दोन-अडीच तासांवर दिवा ठेवणं मनाला पटत नाही. बघून, फोटो काढून झालं की दिवा बंद करा आणि चादर हलकेच झटका. जांभळ्या-निळ्या उजेडाचे अतिनील दिवे वापरत असाल तर मुलांना त्याकडे एकटक बघू देऊ नका. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात जगभर पतंग सप्ताह असतो, तेव्हाच्या नोंदी उपयोगी पडतात.

फोनला अडकवायची जवळची लेन्स तीनशे ते दीड हजारांत येते. तीनशेची घेऊ नका, कडा धूसर येतात.

पुस्तकं

अ‍ॅप असताना पुस्तक कशाला, असं विचारतात. अ‍ॅप एक नाव देतं. पुस्तक शेजारी त्याचे चार भाऊबंद दाखवतं आणि फरक शिकवतं. सलीम अलींचं 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स' १९४१ पासून आजवर माणसं घडवत आलं आहे. ओळख पटवण्यासाठी ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याचं भारतीय उपखंडाच्या पक्ष्यांचं पुस्तक घ्यावं. इंग्रजी मार्गदर्शिका हजार-दीड हजारांच्या आतबाहेर पडतात. मराठीत किरण पुरंदरे यांचं 'पक्षी – आपले सख्खे शेजारी' हे नवख्यांसाठी, आणि मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' गावोगावच्या नावांसाठी. झाडांकडे ओढा असेल तर डॉ. शरदिनी डहाणूकर यांची 'फुलवा' आणि 'वृक्षगान' वाचल्याशिवाय राहू नका. सह्याद्रीच्या फुलांसाठी श्रीकांत इंगळहळीकर, फुलपाखरांसाठी आयझॅक किहिमकर. सगळी एकदम घेऊ नका, वर्षाला एक. जुनी आवृत्ती वाचनालयात किंवा पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळाली तर तीही चालते. काही पक्ष्यांची शास्त्रीय नावं तेवढी बदललेली असतील.

जाणकाराची सोबत

घरी बसून वर्षभरात जे उमगत नाही ते जाणकाराबरोबरच्या एका सकाळीत उमगतं. टेकडीवर किंवा तळ्यावर स्थानिक निसर्गमंडळांच्या फेऱ्या रविवारी असतात. कित्येक विनामूल्य, काही दोनशे ते सहाशे रुपये माणशी. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी फेऱ्या आणि अभ्यासक्रम दोन्ही चालवते. अभ्यासक्रमाची फी काही हजारांत जाते, पण ज्याला शिस्तीनं शिकायचं आहे त्यानं कॅमेऱ्याऐवजी त्यात पैसे घालावेत. फेरी निवडताना एकच बघा: एका जाणकारामागे माणसं किती? दहा-पंधरापर्यंत ठीक. चाळीस जणांना घेऊन जाणारी फेरी म्हणजे सहल. पक्षी उडून जातात आणि मागच्या रांगेला काहीच ऐकू येत नाही.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर एकाच वेळी पक्षिगणना होते. त्यात भाग घ्यायला पंधरा मिनिटं पुरतात आणि पैसे लागत नाहीत. सोसायटीच्या आवारातले बुलबुल, साळुंक्या, कावळेही त्यात मोजतात, किंबहुना ते मोजायलाच माणसं हवी असतात.

बाहेर पडताना

दूर जाण्याचा खर्च गाडी, राहणं आणि जेवण यांचा असतो. निसर्गाचं तिकीट त्यामानानं थोडं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क शंभर रुपयांच्या आसपास आहे. कासच्या पठाराला, जे २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशात आहे, गेल्या काही हंगामांत माणशी शंभर ते दीडशे रुपये घेतले जातात. तिथे शनिवार-रविवारी जाऊ नका. सप्टेंबरातल्या एखाद्या बुधवारी सकाळी आठला पोचलात तर गर्दी येण्याआधी दोन तास मिळतात.

पुण्याहून शंभर किलोमीटरच्या आसपास असलेलं भिगवण हे मला खर्चाच्या मानानं सगळ्यांत जास्त देणारं ठिकाण वाटतं. उजनी धरणाचं पाणी उतरू लागलं की जानेवारीपासून कुंभारगाव, डिकसळ भागात रोहित उतरतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टेरी हंस असतात, शेकाट्या असतात, मासे पकडणारा कैकर असतो. होडी स्थानिक मच्छीमारांची. साधारण हजार ते दीड हजार रुपयांत चार-सहा माणसांची तास-दीड तासाची फेरी होते, आणि दुपारी त्याच गावात माशाचं किंवा पिठलं-भाकरीचं जेवण. होडीवाल्याशी घासाघीस करू नका. थवा उठेल इतकं जवळ नेऊ नका, एवढंच त्याला आधी सांगा. फोटोसाठी थवा उडवायला लावणारे प्रवासीच असतात. त्यांच्यापायी पक्ष्यांची शक्ती वाया जाते.

नाशिकजवळचं नांदूरमध्यमेश्वर हे २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. चापडगावच्या मनोऱ्यांवरून पाणपक्षी बघायला थोडं प्रवेशशुल्क आणि स्थानिक वाटाड्याचे काहीशे रुपये पडतात. वाटाड्या घ्याच. कुठल्या कोपऱ्यात काय बसलंय हे त्याला पाठ असतं.

पावसाळ्यात आंबोली. तिथल्या जांभ्याच्या पठारावरचा आंबोली टोड २००९ मध्ये विज्ञानाला ठाऊक झाला. त्याचं जग त्या परिसरापुरतंच आहे. घरगुती निवासात खोलीचे दीड ते अडीच हजार, रात्रीच्या फेरीला जाणकाराचे काहीशे, चारशे ते सातशे रुपयांचे गमबूट आणि एक चांगली विजेरी. गमबुटांवर काटकसर नको, कारण रात्री फुरसं पायाखाली येऊ शकतं. बेडूक हातात घेऊ नका. त्यांची त्वचा श्वास घेते आणि आपल्या हाताला लावलेलं डासांचं मलम त्यांना घातक ठरतं.

ताडोबाचं विचाराल तर एका जिप्सीचा एका फेरीचा खर्च प्रवेश, गाडी आणि गाइड धरून साधारण सहा ते बारा हजार रुपये. गाभा की बफर, आडवार की शनिवार-रविवार, आधी आरक्षण की ऐनवेळी, यावर आकडा ठरतो. गाडीत सहा जण बसतात, म्हणून सहा जण मिळूनच जा. मंगळवारी जंगल बंद असतं, आणि जुलै ते सप्टेंबर गाभा बंद. अनेक व्याघ्रप्रकल्पांत मोबाइल आत नेता येत नाही आणि मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क असतं. गाइडला निघतानाच सांगा, "वाघ दिसला नाही तरी चालेल, जंगल दाखवा." एवढ्या एका वाक्यानं फेरी पार बदलते. गाडी धावायची थांबते, रानकुत्री, अस्वलानं उकरलेलं वारूळ, झाडावरचे नखांचे ओरखडे दिसायला लागतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसण्याची संधी वनविभाग देतो. शुल्क ठिकाणानुसार बदलतं आणि जागा मोजक्या असतात.

कॅमेरा, आणि फुकट म्हणून उचललेलं

लांब पल्ल्याच्या अंगभूत झूमचा कॅमेरा साठ ते नव्वद हजारांना पडतो. सुट्या लेन्सचा कॅमेरा आणि ६०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स मिळून दीड लाख सहज होतो. छायाचित्रण ही स्वतंत्र आणि मोठी कला आहे. तिची ओढ असेल तर जरूर घ्या. पण नुसतं बघायला शिकायचं असेल तर पहिली दोन वर्षं कॅमेरा आड येतो. माणूस पडद्यावरचा फोटो मोठा करून बघत राहतो आणि पक्ष्यानं पुढे काय केलं ते निसटतं.

एक खर्च अनेकांना अनपेक्षितपणे भोवतो, तो म्हणजे दंड. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि सर्वसाधारण गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर गेली. तुरुंगवासही होऊ शकतो. पिंजऱ्यातला पोपट, हौसेनं पाळलेलं तारा कासव, शाळेच्या प्रकल्पासाठी टाचणीनं टोचलेली फुलपाखरं, घरट्यातून उचललेली अंडी, बरणीत घातलेला साप, हे सगळं या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. अभयारण्यावर परवानगीशिवाय ड्रोन उडवणं हाही गुन्हा. घुबडाच्या घरट्याची नेमकी जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. तिथे पोचणारे सगळेच निरीक्षक नसतात.

मग एकूण किती?

एका कुटुंबाला पहिल्या वर्षी साधारण पंधरा हजार पुरतात: आठ हजारांची दुर्बीण, दोनशेचं भिंग, काहीशेचा फोल्डस्कोप, हजार-दीड हजारांची पुस्तकं, दोन-तीन सशुल्क फेऱ्या आणि भिगवणची एक वारी. एवढे नसतील तर वही, भिंग आणि फोनवरची अ‍ॅप्स मिळून पाचशे रुपयांत सुरुवात होते, आणि ती सुरुवात कमअस्सल नसते. वाड्या-वस्त्यांवरची अनेक पोरं दुर्बिणीशिवाय टिटवीचं घरटं शोधतात, ते भल्याभल्यांना जमत नाही.

माझी खरी विनंती मात्र घरांना नाही, शाळांना आणि वाचनालयांना आहे. वीस-पंचवीस हजारांत दोन चांगल्या दुर्बिणी, वीस भिंगं, चार फोल्डस्कोप आणि तीन-चार मार्गदर्शिका येतात. पुस्तकं जशी आठवड्यासाठी घरी देतात तशीच दुर्बीणही अनामत घेऊन घरी देता येईल. एवढा खर्च कुठल्याही स्नेहसंमेलनाच्या मंडपाहून कमी आहे आणि तो वर्षानुवर्षं शेकडो मुलांच्या कामी येईल. तुम्ही पालकसभेला जाता, वाचनालयाचे सभासद असता, सोसायटीच्या समितीवर असता. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि शक्य असेल तर पहिल्या दुर्बिणीचे पैसे स्वतः द्या.